बुडालेला क्लब पुन्हा उभा राहतो तो कसा?

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव कापसाचे, तुरीचे आणि अलीकडे सिमेंटचे. जमिनीखाली चुनखडी आणि परिसरात कोळसा, यामुळे येथे कारखाना येणार अशी चर्चा पुष्कळ वर्षे चालू होती. अखेर २०२२ मध्ये बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीच्या मोठ्या सिमेंट कारखान्यात उत्पादन सुरू झाले. असा कारखाना आला की नोकऱ्यांच्या पाठोपाठ गावात आणखी एक अपेक्षा येते. मंदिराच्या सभामंडपासाठी, चर्चच्या आवारभिंतीसाठी, शाळेच्या खोलीसाठी आणि पोरांच्या फुटबॉल संघासाठी ‘कंपनी काहीतरी देईल’ असे लोक धरून चालतात. ही अपेक्षा गैर नाही, किंबहुना तिला आता कायद्याचाही आधार आहे. परंतु आपल्याच राज्यात ज्या फुटबॉल क्लबांना एखाद्या कंपनीने सर्व काही दिले त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय कोणत्याही गावच्या युवक मंडळाने त्या अपेक्षेवर आपला संघ उभा करू नये.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसी हा क्लब स्थापन केला. क्लब नेटका चालविला गेला, आय-लीगमध्ये आला आणि २०१२-१३ च्या हंगामात तर देशात दुसऱ्या क्रमांकावर राहिला. २०१५ मध्ये मालकांनी हात काढून घेतला आणि संघ मैदानातून नाहीसा झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम आय-लीग खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम टिकला. पुढे मालक असलेला बांधकाम समूहच आर्थिक गर्तेत गेला. इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१८ मध्ये उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला होता. तो २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाला व त्याची जागा हैदराबादला गेली. पाच वर्षांत एकाच शहरातील चार क्लब संपले. मुंबईची कथा निराळी नाही. महिंद्र कंपनीचा संघ १९६२ पासून खेळत होता. महिंद्र युनायटेड या नावाने त्याने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. २००७ मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७ मध्ये गेला.

यांपैकी बहुतेक क्लब खेळात हरले म्हणून बंद पडलेले नाहीत, हे ध्यानात घ्यावयास हवे. आपल्याकडील फुटबॉल क्लबचे उत्पन्न तिकिटांतून जवळजवळ येतच नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणारा पैसा लहान क्लबांपर्यंत पोहोचत नाही. उलट खर्च मात्र दर महिन्याला ठरलेला असतो: खेळाडूंचे मानधन, प्रशिक्षक, मैदानाचे भाडे, प्रवास, निवास, वैद्यकीय उपचार. ही तफावत दरवर्षी मालक आपल्या खिशातून भरून काढतो. क्लब चालतो तो उत्पन्नावर नव्हे, तर मालकाच्या उत्साहावर. मालकाचा धंदा मंदावला, त्याचे लक्ष दुसरीकडे वळले, घरात वाटण्या झाल्या किंवा लीगचे नियम बदलले, की तो उत्साह एका बैठकीत संपतो. त्या बैठकीत खेळाडूला, समर्थकाला किंवा गावाला मत नसते. क्लब त्यांचा कधी नव्हताच.

गावपातळीवरील संघाचे आकडे लहान असतात. रचना तीच असते. मालकाच्या जागी एखादा हौशी ठेकेदार, एखादा पुढारी किंवा स्पर्धेपुरता धावून येणारा दुकानदार असतो. तो जर्सी देतो, जर्सीवर त्याचे नाव येते. निवडणूक संपली की जर्सी फाटेपर्यंत संघ चालतो.

क्लब बुडाला म्हणजे नेमके काय बुडते, याचाही हिशेब मांडला पाहिजे. करंडक कपाटात राहतात. जाते ती सवय. सायंकाळी साडेपाचला मैदानावर हजर राहण्याची, हरल्यावर पंचाशी हस्तांदोलन करण्याची, लहान मुलांनी मोठ्यांचे पाहून शिकण्याची जी साखळी अनेक वर्षांत तयार होते, ती दोन हंगामांत तुटते. ज्या मुलाचे वय तेव्हा १४ असते तो १६ व्या वर्षी परत येत नाही. विदर्भातील खेड्यात तर तो तोवर कापूस वेचणीच्या मजुरीवर किंवा गाव सोडून नागपूर-चंद्रपूरकडे कामाला गेलेला असतो. कोल्हापूरच्या अनिकेत जाधव या खेळाडूचे उदाहरण येथे बोलके आहे. तो पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत घडला व २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. ज्या क्लबच्या अकादमीने त्याला घडविले तो क्लब तोपर्यंत उरला नव्हता.

आता जो क्लब बुडून पुन्हा उभा राहिला त्याच्याकडे वळू. त्यासाठी थोडे दूर, स्कॉटलंडमधील एडिनबरो शहरात जावे लागेल. परंतु आपल्या वाचकांना ही कथा परकी वाटणार नाही, कारण ती एका धर्मग्रामाची कथा आहे.

आयर्लंडमधील १८४० च्या दशकातील दुष्काळानंतर हजारो गरीब कॅथलिक कुटुंबे एडिनबरोच्या काउगेट भागात येऊन राहिली. दाटीवाटीची घरे, हलकी कामे आणि शहराचा तिरस्कार त्यांच्या वाट्याला आला. तेथील सेंट पॅट्रिक्स धर्मग्रामाचे धर्मगुरू कॅनन एडवर्ड हॅनन यांनी तरुणांसाठी कॅथलिक युवक संस्था चालविली होती. त्या संस्थेतील मुलांनी १८७५ मध्ये हायबर्नियन हा फुटबॉल क्लब काढला. हायबर्निया हे आयर्लंडचे लॅटिन नाव. आरंभी स्कॉटिश फुटबॉल संघटनेने त्यांना प्रवेश नाकारला. संघटना स्कॉट लोकांसाठी आहे, आयरिश लोकांसाठी नव्हे, असे कारण देण्यात आले. कालांतराने विरोध मावळला. संघ धर्मादाय कामासाठी सामने खेळे व पैसे गरिबांसाठी देई. १८८७ मध्ये या संघाने डंबार्टनला २-१ असे हरवून स्कॉटिश चषक जिंकला. काउगेटच्या गल्ल्यांनी तो विजय कसा साजरा केला असेल, याची कल्पना करता येते.

पण त्याच यशात पुढच्या अडचणीचे बीज होते. चषक जिंकून परतताना ग्लासगोच्या सेंट मेरीज धर्मग्रामात संघाचा सत्कार झाला. तुम्हीही असाच क्लब काढा, असे पाहुण्यांनी यजमानांना आपुलकीने सुचविले. मॅरिस्ट संघाचे ब्रदर वॉल्फ्रिड यांनी ते मनावर घेतले. शाळेतील भुकेल्या मुलांना जेवण देण्यासाठी पैसा उभा करणे हा त्यांचा हेतू होता आणि त्यातून नोव्हेंबर १८८७ मध्ये सेल्टिक क्लब जन्मला. हेतू पवित्रच होता. परंतु ग्लासगोमध्ये आयरिश वस्ती मोठी, पैसा अधिक, आणि हायबर्नियनचे अनेक उत्तम खेळाडू पाहता पाहता तिकडे गेले. खेळाडूला उघडपणे वेतन देण्यास तेव्हा स्कॉटलंडमध्ये मनाई होती, ती १८९३ मध्ये उठली. तोवर जो लपून अधिक देईल त्याच्याकडे खेळाडू जात. चांगल्या हेतूने काढलेल्या एका क्लबने चांगल्या हेतूने काढलेला दुसरा क्लब रिकामा केला, हे नोंदविताना थोडे वाईट वाटते.

खेळाडू गेले तसे प्रेक्षक घटले, प्रेक्षक घटले तशी प्राप्ती आटली, कारभारही विस्कळीत झाला. मैदानाच्या जागेचा भाडेकरार संपला आणि ती जागा बांधकामासाठी गेली. जून १८९१ मध्ये कॅनन हॅनन यांचे निधन झाले. त्याच वर्षी क्लबचे काम थांबले. अवघ्या चार वर्षांपूर्वी देशाचा चषक जिंकलेल्या संघाकडे ना मैदान उरले, ना पैसा, ना पुढारी.

पुढे जे घडले त्यात चमत्कार नाही. धर्मग्रामातील काही जाणत्या मंडळींनी १८९२ मध्ये एकत्र येऊन पुन्हा आरंभ करण्याचे ठरविले. त्यांनी तीन गोष्टी केल्या, आणि आज १३० वर्षांनंतरही कोणत्याही बुडालेल्या क्लबला याहून शहाणी दिशा दाखविता येणार नाही. त्यांनी प्रथम मैदान मिळविले. ईस्टर रोड भागातील जागा ठरली आणि फेब्रुवारी १८९३ पासून संघ तेथे खेळू लागला. आजही तो तेथेच खेळतो. दुसरे, गेलेले नामवंत खेळाडू परत आणण्याच्या मागे न लागता त्यांनी खालच्या पायरीवरून सुरुवात मान्य केली. दुसऱ्या श्रेणीत १८९४ व १८९५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते पहिले आले आणि मग वर गेले. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड होती. आधीच्या क्लबमध्ये खेळाडू कॅथलिक युवक संस्थेचा सभासद असणे आवश्यक होते. नव्या क्लबने ही अट काढून टाकली. क्लबची नाळ धर्मग्रामाशी राहिली. दार मात्र साऱ्या शहराला उघडे झाले. १९०२ मध्ये त्यांनी पुन्हा चषक जिंकला, तोही अंतिम सामन्यात सेल्टिकला हरवून.

या कथेला एक शेपूट आहे, ते सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९० च्या सुमारास हायबर्नियन पुन्हा कर्जात बुडाला आणि त्याच शहरातील प्रतिस्पर्धी क्लबच्या अध्यक्षांनी तो विकत घेऊन आपल्यात विलीन करण्याचा घाट घातला. समर्थकांनी रस्त्यावर येऊन तो हाणून पाडला. १९९१ मध्ये मालक कंपनीच बुडीत निघाल्यावर उद्योजक टॉम फार्मर यांनी क्लब वाचविला. फार्मर स्वतः कॅथलिक, परंतु फुटबॉलचे विशेष शौकीन नव्हते. मात्र त्यांच्या कुटुंबातील एका पूर्वजाने १८९० च्या दशकात याच क्लबला उभे करण्यास हातभार लावला होता, ही आठवण त्यांच्या निर्णयामागे होती. जुन्या वर्गणीदारांची नावे जपून ठेवण्याचे महत्त्व यावरून कळावे.

वर्गणीदारांनीच क्लबचे मालक व्हावे, ही कल्पना आणखी पुढे नेली ती लंडनच्या विंबल्डनच्या लोकांनी. त्यांचा जुना क्लब १८८९ चा. १९८८ मध्ये त्याने बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए चषक जिंकला होता. पण १९९१ मध्ये त्याने आपले प्लाउ लेन मैदान सोडले, तो दुसऱ्याच्या मैदानावर भाडेकरू झाला आणि तोट्यात गेला. मे २००२ मध्ये फुटबॉल संघटनेने नेमलेल्या त्रिसदस्य आयोगाने क्लब सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला नेण्यास मालकांना परवानगी दिली. समर्थकांनी रडत बसण्याऐवजी नवा क्लब काढला. जूनअखेरीस विंबल्डनच्या सार्वजनिक कुरणावर खुली निवड चाचणी ठेवली; सुमारे २३० जण खेळून दाखविण्यास आले. संघ नवव्या श्रेणीपासून खेळू लागला. नऊ हंगामांत पाच वेळा बढती मिळवून २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. क्लबची मालकी समर्थकांच्या न्यासाकडे आहे, ज्यात प्रत्येक सभासदाला एकच मत. कमी वर्गणी दिली म्हणून मत कमी नाही. २०२० मध्ये समर्थकांनी कर्जरोख्यांच्या रूपाने ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते प्लाउ लेनवर आपल्या नव्या मैदानात परतले. १८ वर्षे लागली. उभारणीला किती वेळ लागतो असे कोणी विचारले तर हा आकडा समोर ठेवावा.

हे सारे परदेशात शक्य, आपल्याकडे नव्हे, असे म्हणणाऱ्याने एकदा कोल्हापूरला जावे. तेथे पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशी संघांची नावे आहेत. तालीम म्हणजे कुस्तीची. गणेशोत्सव तीच साजरा करते, मोहरमचे पंजेही कित्येक तालमींत बसतात आणि फुटबॉलचा संघही तिचाच. छत्रपती शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. या संघांना कोणी एक मालक नाही. एखादा आश्रयदाता गेला तर दुसरा येतो आणि कोणीच नसेल तर पेठ वर्गणी काढते. त्यामुळे पुण्यातील श्रीमंत क्लब पाच वर्षांत नाहीसे झाले आणि साध्या तालमींचे संघ पिढ्यान्पिढ्या खेळत राहिले. अर्थात सर्वच गोमटे आहे असे नव्हे. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंग तेथे घडले आहेत, आणि बाहेरून, अगदी आफ्रिकेतूनही, खेळाडू आणण्याच्या चढाओढीने लहान संघांचे कंबरडे मोडते. आपुलकीला आवर नसला की तीही महागात पडते.

आपुलकी भरपूर असून व्यवस्था नसली तर काय होते, हे कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने दाखविले आहे. १८९१ पासूनचा हा क्लब ऑक्टोबर २०१४ मध्ये पैशाअभावी आपला मुख्य संघ थांबविण्यापर्यंत आला. तेथून त्याने खरोखर मोठी झेप घेतली. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून तो सुपर लीगमध्ये गेला. परंतु पहिल्याच हंगामात खेळाडूंचे वेतन थकल्याच्या बातम्या आल्या आणि सरावावर बहिष्कार पडला. क्लब वर चढला होता. त्याच्या उत्पन्नाचा मार्ग मात्र जुनाच, म्हणजे गुंतवणूकदाराची वाट पाहणे, हा होता. ज्या श्रेणीचा खर्च स्वतःच्या उत्पन्नातून झेपत नाही त्या श्रेणीत धावत जाण्यापेक्षा खालच्या श्रेणीत दोन वर्षे अधिक थांबणे बरे.

थांबणे म्हणजे काय, हे गोव्याच्या धेंपो क्लबकडून शिकावे. तो श्रीमंत घराण्याचा क्लब आहे, त्यामुळे त्याचे दुःख पैशाचे नव्हते. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेल्या या क्लबने २०१६ मध्ये लीगच्या फेररचनेच्या निषेधार्थ आय-लीगमधून माघार घेतली. पण क्लब बंद न करता तो गोव्याच्या लीगमध्ये स्थानिक तरुण मुलांना घेऊन खेळत राहिला आणि २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परत येण्याचा मान त्याने मिळविला. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज धर्मगुरूंनी, १८८३ मध्ये शिवोली गावात. पुढे गावागावांत चर्चजवळच्या मोकळ्या जागेत खेळ रुजला. त्यामुळे मोठा क्लब लीगमधून गेला तरी खालचे मूळ सुकले नाही. महाराष्ट्रात हे मूळ फार थोड्या ठिकाणी आहे.

विदर्भात ते कोठे दिसते? नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये भर पावसात वस्तीतील मुलांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिले. त्यांनी त्यांना चेंडू दिला आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. पुढे तिला ‘स्लम सॉकर’ हे नाव मिळाले. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ चित्रपटाने ही कथा घरोघरी नेली. चित्रपट पाहून डोळे ओले होतात ते ठीकच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने बादलीच अधिक महत्त्वाची आहे. संघाचा आरंभ आणि पुनरारंभ किती थोड्यात होऊ शकतो, हे ती सांगते. चेंडू, शिट्टी, चुन्याच्या रेषा आणि ठरलेली वेळ. मुकुटबनच्या मुलांना तर चुनाही दुरून आणावा लागणार नाही.

यापुढचा भाग रुक्ष आहे, परंतु क्लब बहुधा याच ठिकाणी अडतात.

पहिली बाब कर्जाची. कर्ज म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणी कोणाला शिकवावयास नको. बंद पडलेल्या संघाची उधारी खेळसाहित्याच्या दुकानात, जीपवाल्याकडे, मंडपवाल्याकडे आणि एखाद्या माजी खजिनदाराच्या स्वतःच्या खिशात विखुरलेली असते. नवी कार्यकारिणी निवडण्यापूर्वी ही सर्व उधारी एका कागदावर लिहून सभेत वाचून दाखवावी. लहान देणेकऱ्यांचे आधी फेडावे. जीपवाल्याचे पैसे दिले की तालुक्यात संघाचे नाव पुन्हा चांगले होते. घरातून पैसे घालणाऱ्या खजिनदाराचे आभार मानून त्याची रक्कम हप्त्यांनी द्यावी. ‘त्यांनी सोडून दिले’ असे परस्पर धरून चालू नये. जुनी देणी लपवून नवी वर्गणी मागितली तर लोक देत नाहीत, आणि ते योग्यच करतात.

दुसरी बाब नोंदणीची. वर म्हटले तसे कंपनीकडून अपेक्षा ठेवण्यास कायद्याचा आधार आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावयाची असते. त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण स्पष्टपणे आहे आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही त्यात म्हटले आहे. परंतु ही रक्कम कोणाच्याही हातावर ठेवता येत नाही. कंपनी स्वतः खर्च करू शकते. संस्थेमार्फत करावयाचा झाल्यास ती संस्था नोंदणीकृत, आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदविलेली, ‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता असलेली आणि सामान्यतः तीन वर्षांच्या कामाचा पुरावा देणारी असावी लागते. २०२१ पासून अशा संस्थेला केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडेही नोंद करावी लागते. नोंदणी नसलेला संघ अर्ज घेऊन कारखान्याच्या फाटकावर गेला तर त्याला फार तर जर्सी मिळतील.

आपल्या राज्यात क्रीडा मंडळाची नोंदणी बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोहोंखाली धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात होते. किमान सात सभासद लागतात. अनेक जुनी मंडळे नोंदणीकृत असूनही निकामी असतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत तसा बदल अर्ज द्यावयाचा असतो, तो वर्षानुवर्षे दिलेला नसतो. कागदोपत्री अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव असते ते केव्हाच देवाघरी गेलेले असतात. मग बँक सह्या बदलून देत नाही, खाते गोठते, आणि लोकांना वाटते की क्लबकडे पैसा नाही. पैसा असतो, तो काढणारा कायदेशीर माणूस नसतो. म्हणून नवी संस्था काढण्यापूर्वी जुनीची कागदपत्रे शोधावीत. तीन वर्षांच्या कामाचा पुरावा कदाचित त्याच जुन्या ट्रंकेत सापडेल.

तिसरी बाब वर्गणीची. शहरातील क्लब दरमहा वर्गणी घेतात. विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या घरात दरमहा पैसा येत नाही. जून-जुलैत तो बियाण्याला व खताला जातो. पोळ्यापर्यंत हात आखडलेला असतो आणि कापूस विकला गेल्यावरच थोडा मोकळा होतो. म्हणून शेतकरी सभासदाची वर्गणी वर्षातून एकदा, कापूस विकल्यानंतर घ्यावी. कारखान्यात किंवा खाणीत पगारावर असलेल्यांनी ती दरमहा द्यावी आणि मजुरी करणाऱ्या घरातील मुलाकडून वर्गणीऐवजी मैदानावर रेषा आखण्याचे, जाळी सांधण्याचे काम घ्यावे. मत मात्र तिघांचेही सारखे असावे. सरावाची वेळही वेचणीचे दिवस पाहून ठरवावी. झरी-जामणीत कोलाम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या पोडावरून येणाऱ्या मुलाला अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता आले पाहिजे, नाहीतर तो चार दिवस येईल आणि पाचव्या दिवशी येणार नाही.

कंपनीचे साहाय्य मिळाले तर ते कशासाठी घ्यावे, हेही ठरवून ठेवावे. मैदानाचे सपाटीकरण, कुंपण, पाण्याची सोय, गोलखांब, प्रशिक्षकाचे शिक्षण यांसाठी अवश्य घ्यावे. ते एकदा मिळाले की मागे राहते. चेंडू, प्रवास आणि स्पर्धेचे प्रवेशशुल्क हा दरवर्षीचा खर्च मात्र गावाच्या वर्गणीतून चालवावा. उद्या कंपनीतील साहेब बदलले तरी पुढच्या रविवारी सामना होईल, एवढी ताकद वर्गणीत असली पाहिजे. वर्गणी कमी पडली तर खर्च कमी करावा: दूरच्या स्पर्धेऐवजी वणी-पांढरकवड्यापर्यंतच्या स्पर्धा, बाहेरच्या दोन खेळाडूंऐवजी गावातील १२ वर्षांखालील वीस मुले. मुलींना प्रारंभापासून घ्यावे. अर्ध्या गावाला बाहेर ठेवून वर्गणी पूर्ण कशी मिळणार?

जमाखर्च चर्चच्या, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या सूचनाफलकावर दर तीन महिन्यांनी लावावा. त्यात कोणी किती दिले हे न लिहिता एकूण किती आले आणि कशावर गेले एवढेच लिहावे. देणाऱ्यांची नावे स्वतंत्र वहीत, शाईने लिहून जपावीत. हे सर्व दिवाळीपूर्वी उरकले तर बरे, कारण कापूस घरात येऊ लागला की सभेला कोणी येत नाही. पावतीपुस्तके तोवर छापून तयार असावीत.